बिनउशीचा गणपती

मयूर विहारच्या मराठी मंडळात गणपती दोन असायचे. एक मातीचा, पुण्याहून कुणाच्या तरी मांडीवर बसून रेल्वेने येणारा. दुसरा श्यामकांत पानसेचा हेरंब. मातीचा दहा दिवस बसून जायचा. हेरंब बाराही महिने बी-ब्लॉकच्या तिसऱ्या मजल्यावर राहायचा आणि उत्सवातल्या शनिवारी मुकुट घालून मंडळाच्या बालनाट्यात उभा राहायचा. सलग चार वर्षं गणपतीचं काम त्याचंच.

नाटक लिहायचा श्यामकांत. एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर असलेला हा माणूस दिवसभर इंग्रजीत टिपणं लिहायचा, चहाच्या वेळी हिंदीत गप्पा मारायचा आणि मराठी घरी येऊन बोलायचा, तीही टीव्ही चालू नसला तर. त्यामुळे वर्षातून एकदा नाटक लिहायला बसला की गडी असा काही खुलायचा की विचारू नका. दिल्लीत वाढलेल्या पोरांना मराठीतले अर्धे शब्द कळत नाहीत, म्हणून तो संवाद सोपे ठेवायचा आणि विनोद त्याहून सोपे. सगळ्यात सोपा विनोद कुठला? पोटाचा. गणपती येतो, पोट आधी येतं. उंदीर म्हणतो, देवा, तुम्ही बसा, पोटासाठी मी दुसरी फेरी मारतो. हॉल हसून लोटपोट.

हेरंब सात वर्षांचा असताना पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा मंडळाचे सेक्रेटरी तात्याराव त्याच्या पोटाला बांधायला घरून उशी घेऊन आले होते. त्यांनी पोराकडे एकदा पाहिलं, उशीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "अरे, याला उशी कशाला हवी? आपला बाप्पा बिनउशीचा!" तेव्हापासून ते नावच पडलं. दर वर्षी पडदा उघडायच्या आधी तात्याराव माइकवर तसंच सांगायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे. श्यामकांतला तो एक मानच वाटायचा. आता यात मान कसला, असं तुम्ही-आम्ही म्हणू, पण बापाचं मन असतंच असं. पोराचं कुणी कौतुक करतंय ना, मग कशाचं करतंय ते कोण बघतो!

आणि कौतुकाला हेरंब तसा पारखाच होता. शाळेत त्याला मोटू म्हणायचे. पीटीच्या तासाला सर त्याला बाजूला बसवून बाकीच्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायला द्यायचे. सोसायटीत क्रिकेटला कोणी घेत नसे, आणि घेतलं तरी दिल्लीत खेळायचं कधी? मे-जूनमध्ये ऊन जाळतं आणि दिवाळीनंतर हवेत धूर. पोर घरात बसायचं आणि बसल्या बसल्या खायचं. आई-बाप दोघं नोकरीवर. आई देवयानी नोएडाला एका कंपनीत हिशेबाचं काम करायची, सातला घरी पोहोचायची, आणि उशीर झाल्याचं ओझं तिच्या मनावर असायचं, म्हणून येताना काहीतरी गरम बांधून आणायची. कधी समोसे, कधी मोमो. "खात्यापित्या घरचं पोर आहे," श्यामकांत म्हणायचा. विषय तिथेच संपायचा.

डॉक्टरकडे जायचं झालं ते पोटामुळे नाही, मानेमुळे. हेरंबच्या मानेवर मागच्या बाजूला काळपट, जाडसर पट्टा आला होता. देवयानीला वाटलं मळ आहे. रविवारी त्याला मोरीत बसवून ती डाळीचं पीठ आणि लिंबू लावून मान घासायची, पोर ओरडेपर्यंत घासायची. "अंघोळ नीट करत नाहीस, दुसरं काय!" तीन महिने घासली. मान लाल झाली, पण काळी ती काळीच. शेवटी जूनमध्ये दोघं त्याला घेऊन मुलांच्या हॉस्पिटलात गेले.

डॉक्टर कृतिका नावाची बाई तरुण होती आणि घाईत नव्हती. तिने मानेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ये मैल नहीं है जी. इसको रगड़िए मत." शरीरात इन्शुलिनचं काम बिघडलं की कातडीवर असा पट्टा उमटतो, तिने सांगितलं. देवयानीने एकदम आपले हात पदराखाली घेतले. मग डॉक्टरने टेप काढून हेरंबची कंबर मोजली. उंची एकशे बेचाळीस, कंबर एक्याण्णव. कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी, ती म्हणाली, आणि रक्त तपासायला पाठवलं, सोनोग्राफी करायला लावली.

आठवड्याने रिपोर्ट आले. यकृतात चरबी होती. यकृताचा आकडा असायला हवा त्याच्या दुपटीहून जास्त, आणि शरीरात सूज असल्याचं सांगणारा दुसरा एक आकडाही वर गेलेला. श्यामकांत म्हणाला, सूज तर कुठे दिसत नाही. तेव्हा तिने पेन खाली ठेवून नीट समजावलं. कातडीखालची चरबी वेगळी आणि पोटाच्या आत, आतड्यांभोवती बसलेली चरबी वेगळी. ही आतली गप्प बसत नाही. ती रक्तात काहीबाही सोडत राहते, आणि शरीराला वाटतं कुठून तरी हल्ला झालाय. मग ते रात्रंदिवस लढत राहतं. ओली लाकडं घातलेली चूल जशी जाळ न धरता धुमसत राहते, तसं. आणि त्या धगीने यकृत, रक्तवाहिन्या, सगळं हळूहळू खराब होतं.

"पर मुझे तो दर्द नहीं होता," हेरंब म्हणाला.

"यही तो मुसीबत है, बेटा," डॉक्टर म्हणाली. मग तिने आई-बापाकडे पाहिलं. तीन महिने. खाणं बदला, रोज तासभर पळू दे, खेळू दे, झोप पुरी होऊ दे. अकरा वर्षांच्या यकृतात भरून यायची ताकद असते, पण ती वाट पाहत नाही. तीन महिन्यांत आकडे खाली आले तर आपण जिंकलो. नाही आले तर यकृतात व्रण धरायला लागेल.

आणि या वेळी श्यामकांतने काय विचारावं? "सितंबर से शुरू करें तो चलेगा?"

"क्यों, सितंबर में क्या है?"

त्याला सांगवेना. "ऑफिस में थोड़ा..." असं काहीतरी तो पुटपुटला. डॉक्टर म्हणाली, आज से.

सरकारी माणसाला तारीख पुढे ढकलायची इतकी सवय असते की आपण ढकलतोय हेही त्याच्या लक्षात येत नाही. घरी जेवताना तो देवयानीला म्हणाला, "अगं, करू की सगळं. फक्त एवढा गणपती होऊन जाऊ दे. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"गणपती दर वर्षी येतो," देवयानी म्हणाली. "लिव्हर एकच आहे."

हेरंब समोरच बसला होता. तो दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला.

त्यानंतर देवयानीने कंबर कसली. समोसे बंद, मोमो बंद, थंड पेयांच्या बाटल्या बंद. कुठून कुठून शोधून तिने ज्वारीचं पीठ आणलं आणि जन्मात नीट न जमलेली भाकरी थापायला शिकली. हाताला फोड आले. डब्यात मोड आलेले मूग, काकडी, घावन. सकाळी साडेपाचला, ऊन चढायच्या आत, ती पोराला घेऊन सोसायटीभोवती फेऱ्या मारायची आणि मग धावतपळत मेट्रो गाठायची. दर रविवारी टेप काढून कंबर मोजायची आणि कॅलेंडरवर लिहून ठेवायची. एक्याण्णव, नव्वद, एकोणनव्वद. जुलैच्या मध्यावर अठ्ठ्याऐंशी. त्या दिवशी हेरंब बुटाची नाडी बांधताना ओरडला, "आई, देख! पोट मध्ये येत नाही!" देवयानीला रडूच फुटलं. श्यामकांतनेही पोराची पाठ थोपटली. खरंच आनंद झाला होता त्याला, उगाच खोटं कशाला बोला.

त्याच आठवड्यात नाटकाच्या तालमी सुरू झाल्या.

सोसायटीच्या हॉलमध्ये पोरं जमली. उंदराचं काम करणारी पूर्वी आली, चंद्र आला, शंकर-पार्वती आले. तात्याराव खुर्चीत बसले होते. हेरंब आत आला तसे ते चष्मा वर करून बघायला लागले. "अरेच्चा! आपले बाप्पा सुकले की! श्यामकांत, यंदा उशी आणावी लागणार वाटतं!"

सगळे हसले. तात्याराव काही वाईट माणूस नव्हे, आपलं बोलून गेले. हेरंबही आधी हसला. मग त्याने मान वळवून बापाकडे पाहिलं.

श्यामकांतने तेव्हा एवढंच म्हणायला हवं होतं की, उशी आणा हो, पोर बरं होतंय माझं. किती सोपं वाक्य! याहून अवघड वाक्यं तो पोरांना लिहून द्यायचा. पण चार माणसांत पोराच्या आजाराचं कोण बोलणार? मुलाच्या लिव्हरमध्ये चरबी आहे हे मंडळात कळलं तर लोक काय म्हणतील, आई-बाप नोकऱ्या करतात आणि पोराला विकतचं घालतात, असंच ना? तो हसला आणि म्हणाला, "अहो, अजून दीड महिना आहे. भरून काढेल!"

आणखी एकदा हशा पिकला आणि तालीम सुरू झाली. रात्री श्यामकांत शांत झोपला.

पुढच्या रविवारी कंबर अठ्ठ्याऐंशीच राहिली. त्याच्या पुढच्या रविवारी नव्वद. देवयानीने टेप पुन्हा लावला, तिसऱ्यांदा लावला. मग एक्याण्णव. ती चक्रावून गेली. घरात तर काही नव्हतं. डबा रोज चाटूनपुसून रिकामा येत होता, मूग-काकडी सगळं पोरगं खात होतं. तिने तेल आणखी कमी केलं, भाकरी एकावर आणली. मग नवऱ्यावर संशय घेतला. "तुम्ही बाहेर काही देता का त्याला? खरं सांगा."

"देवाशप्पथ नाही!" श्यामकांत म्हणाला, आणि ते खरंच होतं. त्याने पोराला एक घासही दिला नव्हता.

"मग माझंच कुठेतरी चुकतंय," देवयानी म्हणाली. ती स्वतःही पोरासारखंच मोजून खायला लागली. ऑगस्टभर वाळत गेली, आणि पोर फुगत गेलं. विचारलं की हेरंब म्हणायचा, "मालूम नहीं, आई." खाली बघून म्हणायचा. आता आईच्या लक्षात यायला हवं होतं, असं म्हणणं सोपं आहे. पण पोटच्या पोरावर चोराची नजर कुठली आई ठेवते?

उत्सवातला शनिवार आला. हॉल खचाखच भरला. गुरुग्रामहून, नोएडाहून माणसं आली होती, परीक्षांचा अभ्यास करायला दिल्लीत राहिलेली मुलं घरच्या जेवणाच्या आशेने मागे उभी होती. तात्याराव माइकवर आले. "मंडळी, आम्हाला जरा काळजी वाटत होती. पण सांगायला आनंद होतो की यंदाही आपला बाप्पा बिनउशीचा!" पडदा उघडला. हेरंब सोनेरी मुकुट घालून, पितांबर नेसून, उघड्या पोटावर कागदाचा नाग बांधून उभा होता. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याचा चेहरा असा उजळला होता की श्यामकांतचा ऊर भरून आला.

नाटकात तोच प्रसंग होता, गणपती उंदरावरून पडतो आणि चंद्र त्याच्या पोटाला हसतो. गोष्टीत चंद्र एकटा हसला म्हणून त्याला केवढा शाप! इथे दोनशे माणसं हसत होती, आणि हसू लिहिलं होतं बापाने.

नाटक संपल्यावर मंडळाची एक पद्धत होती. गणपती झालेल्या मुलाला चौरंगावर बसवायचं, मुलांनी पाया पडायचं आणि बायकांनी त्याला मोदक भरवायचे. मंडळातल्या कुणा जुन्या पाटलीण काकूंनी ही प्रथा कधी सुरू केली कोणास ठाऊक, पण आता ती अलकनंदा काकू चालवायच्या. एकेक मूल वाकत होतं. क्रिकेटला न घेणारी पोरं वाकली, बसमध्ये टपली मारणारा करण वाकला. हेरंब प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होता, नाटकीपणाने नाही, अगदी मनापासून. आणि एकेक काकू, मावशी येऊन तूप सोडलेला मोदक त्याच्या तोंडात घालत होती.

देवयानी पुढे झाली. "बास हो आता. खूप झाले."

"अगं, प्रसादाला नाही म्हणू नये," अलकनंदा काकू म्हणाल्या. "आणि हा काय तुझा हेरंब आहे का आत्ता? हा बाप्पा आहे."

देवयानीने नवऱ्याकडे पाहिलं. तो तिथेच, हातात श्रीफळ आणि शाल घेऊन उभा होता. नाटककाराचा सत्कार झाला होता नुकताच. "तुम्ही सांगा," ती हळूच म्हणाली. श्यामकांतला सांगायचं होतं. पण फोटो चालू होते, लोक हसत होते, आणि पोर इतकं खुशीत होतं. त्याने डोळ्यांनीच तिला गप्प राहायची खूण केली. आजचा एक दिवस.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ते पुन्हा डॉक्टर कृतिकासमोर बसले. कंबर त्र्याण्णव. यकृताचा आकडा जूनच्या दुप्पट. सुजेचाही वाढलेला. यकृत किती कडक झालंय ते पाहायची एक तपासणी तिने केली होती, तिचा कागद तिने त्यांच्यापुढे सरकवला. मग म्हणाली, व्रण धरायला सुरुवात झाली आहे.

देवयानी वेड्यासारखी बोलायला लागली. काय काय खायला दिलं, कधी दिलं, तेल किती, भाकरी किती, सगळं पाठ म्हणून दाखवावं तसं. डॉक्टरने तिला थांबवलं आणि आई-बापाला पडद्यापलीकडे बसायला सांगितलं. मग तिने हेरंबला जवळ ओढून घेतलं. पडदा म्हणजे हिरवं कापड, पलीकडचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"मम्मी जो टिफिन देती हैं, वो खाते हो?"

"हाँ. वो भी."

"और?"

हेरंब म्हणाला, "सबका टिफिन मैं फिनिश करता था. जो बचता था. पराठा, मैगी, सब. वो लोग खुद ही देते थे. बोलते थे, डस्टबिन को दे दो."

देवयानीने तोंडावर हात दाबला.

"तुम्हें बुरा नहीं लगता था?"

"लगता था."

"फिर क्यों खाते थे, बेटा?"

"पापा के नाटक में पेट चाहिए ना," हेरंब म्हणाला. "पापा ने बोला था, मैं भर लूँगा."

श्यामकांतला वाटलं, आपण उठून पडदा सारावा, पोराला मिठीत घ्यावं, त्या डॉक्टरच्या पायावर डोकं ठेवावं. पण तो खुर्चीतच बसून राहिला. चार शब्द आपण सहज बोललो, आणि पोराने ते आज्ञा म्हणून उचलले. दीड महिना, दुपारच्या सुट्टीत, ज्यांनी डस्टबिन म्हटलं त्यांचं उष्टं खाऊन त्याने आपल्या बापाचं नाटक सांभाळलं. देवयानी त्याच्याकडे बघत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टरने दोघांना आत बोलावलं. ती रागावली नाही. म्हणाली, आजपासून मनापासून केलं तर एवढा व्रण भरूनही येऊ शकतो. येईलच असं मी लिहून देणार नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवू. आणि कदाचित सुईने यकृताचा तुकडा काढून तपासावा लागेल. "सुई मोठी असते का?" हेरंबने मराठीत आईला विचारलं. देवयानी म्हणाली, "मी असेन तिथे."

परतताना त्यांनी कॅब केली. हेरंब दोघांच्या मध्ये बसला होता. यमुनेच्या पुलावर गर्दी होती, गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती. श्यामकांतने त्याचा हात हातात घेतला. मनाशी सगळं ठरवून झालं होतं त्याचं. पोराच्या डोक्यावरचं ओझं आपणच ठेवलं, आपणच उतरवायचं.

"हेरंबा, ऐक. चूक माझी होती, तुझी काहीच नाही. यापुढे तुला गणपती व्हायचं नाही. कधीच नाही. कळलं?"

त्याला वाटलं होतं पोर सुटकेचा श्वास टाकेल. हेरंबने हात सोडवून घेतला.

"मग मी काय होऊ?"

"काहीही हो! शंकर हो. चंद्र हो. तुझ्यासाठी नवीन पात्र लिहितो मी."

"नको. शंकराला कोणी चौरंगावर नाही बसवत. बाबा, तो एकच दिवस मला कोणी मोटू नाही म्हणत. सगळे पाया पडतात. करण पण पडतो." आणि मग तो रडायला लागला. अकरा वर्षांचं मूल रडतं तसा नाही, अगदी लहान मुलासारखा, तोंड उघडं टाकून. "मी नाही खाणार आता कोणाचं. प्रॉमिस. बारीक पण होईन. सुई पण टोचून घेईन. पण मला गणपती होऊ द्या ना, बाबा. उशी बांधा मला. होऊ द्या ना."

देवयानीने त्याला छातीशी ओढून घेतलं. बारा वर्षं देवांच्या, राक्षसांच्या, उंदरांच्या तोंडी वाक्यं घालणाऱ्या श्यामकांतला आपल्या लेकाला द्यायला एक वाक्य सापडेना. हो म्हणावं तर ज्या चौरंगाने पोराला आजारी पाडलं त्यावरच त्याला पुन्हा बसवायचं. नाही म्हणावं तर त्याच्याकडे दुसरा चौरंगच नव्हता, आणि अकरा वर्षांत तो आपण मांडला नव्हता.

"साहब, सोसाइटी का कौन सा गेट?" ड्रायव्हरने विचारलं. त्याने दोनदा विचारलं. शेवटी देवयानीने सांगितलं.